मदत हवी आहे: मेलेलं यीस्ट ग्राफमध्ये वाढतंय!

नमस्कार मंडळी, इथे कोणी बायोफिजिक्स किंवा मायक्रोफ्लुइडिक्सवाले (केसाएवढ्या नळ्यांतून द्रव खेळवणारे) असतील तर प्लीज वाचा, डोकं पार आऊट झालंय.

मी एकेका पेशीचं वजन करतेय. सिलिकॉनची बारीकशी पट्टी, आतून पोकळ, बाहेरून व्हॅक्यूम, ती सारखी थरथरत असते (आमची 200 किलोहर्ट्झला). आतल्या नळीतून पेशी गेली की फ्रिक्वेन्सी पडते, किती पडली त्यावरून वजन. म्हणजे पाण्यात बुडाल्यावर उरतं तेवढंच वजन हां, 5 मायक्रॉनच्या यीस्टचं जेमतेम 6-7 पिकोग्राम. एमआयटीत स्कॉट मनालिस यांच्या ग्रुपनं 2010 मध्ये अशीच एकच पेशी परत परत मागेपुढे करून वाढ मोजली होती, जड पेशी जास्त वेगात वाढते असं निघालं.

आमचे सर म्हणतात, आपलं यीस्ट सरळ रेषेत वाढतं का चक्रवाढ व्याजानं ते सांग. बोलायला सोपंय, पण वजन दुप्पट होईपर्यंत त्या दोन ग्राफमध्ये फरक जास्तीत जास्त 6 टक्के!

म्हणून कंट्रोलला (म्हणजे जिचं वजन बदलायलाच नको अशी, तुलनेसाठी) उकळून मारलेली पेशी सोडली, दीड तास, आणि ती बाई 9 टक्के वाढली. नळी ब्लीचनं धुतली, बुडबुडे नाहीत, सकाळी प्लास्टिकचे मणी चालवले तर ते एकदम स्थिर. संध्याकाळीच भूत येतं, सहाला एसी बंद करतात त्यामुळे मी पण घामाघूम असते ते वेगळंच.

प्रतिसाद १: ताई, उत्तर तुम्हीच लिहिलंय की. रिकाम्या पट्टीची फ्रिक्वेन्सी दर फेरीला घेता का?

धागाकर्ती: नाही, सुरुवातीला एकदाच 😬

प्रतिसाद १: मग झालं. सिलिकॉन तापलं की मऊ पडतं, एका डिग्रीला फ्रिक्वेन्सी लाखात साधारण 3 नं उतरते, तुमच्याकडे 6 हर्ट्झ. पेशीमुळे किती पडते?

धागाकर्ती: साडेसहा. अरे देवा, म्हणजे 0.1 डिग्रीत नऊ टक्के??

प्रतिसाद १: हो. दर वेळी पेशी यायच्या आधीची आणि गेल्यानंतरची रिकाम्या पट्टीची फ्रिक्वेन्सी घ्या, त्यातून वजा करा. आणि चिपखाली वॉटर बाथचं पाणी फिरवा, यीस्टला पण 30 डिग्री लागतंच.

धागाकर्ती: कच्च्या फाईलमध्ये पेशी यायच्या आधीचे आणि गेल्यानंतरचे दोन-दोन सेकंद आहेत, तेवढ्यावर मागच्या महिन्याचा जिवंत पेशींचा डेटा वाचेल का?