निर्दोष सुटूनही चारित्र्य पडताळणीत जुना गुन्हा दिसतो : मदत हवी आहे

माझ्या धाकट्या भावाची २०१९ मधील मारहाणीच्या गुन्ह्यातून (भारतीय दंड संहिता, कलम ३२४ व ५०४) कोल्हापुरातील न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली असून सरकार पक्षाने अपील केलेले नाही. तरीही नोकरीसाठीच्या चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा दिसतो आणि निकालाचा उल्लेखही नसतो, याचे फार वाईट वाटते. त्याच्यावर दुसरा कोणताही गुन्हा नाही. निकालाची प्रमाणित नक्कल, एफआयआर व दोषारोपपत्राच्या प्रती आमच्याकडे आहेत आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोचही घेतली आहे. रुजू होण्यास महिनाच उरला आहे. नोंद दुरुस्तीसाठी उच्च न्यायालयात जावे लागले तर २०२५ पासून त्याचे सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्याने मुंबईची फेरी वाचेल, परंतु त्याआधी पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करणे पुरेसे ठरेल का, आणि अपील दाखल नसल्याचा दाखला कोणत्या कार्यालयातून मिळवावा?