गाडीच्या फोटोतला नंबर झाकावा का?

दादरकर_७२

मार्चमध्ये मी माझी अकरा वर्षांची गाडी विकायला काढली. जाहिरातीत सहा फोटो टाकले, त्यातल्या चारांत नंबर ठळक दिसत होता. गिऱ्हाइकाला विश्वास वाटावा, एवढाच हेतू. गाडी काही गेली नाही. मे महिन्यात मोबाइलवर ई-चलन आलं, सिग्नल तोडल्याचं, नवी मुंबईतलं. त्या दिवशी गाडी दादरला सोसायटीच्या आवारात उभी होती, बॅटरी उतरलेली. चलनातल्या फोटोत माझंच मॉडेल, माझाच रंग, माझाच नंबर. फरक एकच: माझ्या गाडीच्या मागच्या बंपरला डाव्या बाजूला पोचा आहे, त्या गाडीला नव्हता. त्या पोच्याच्या जोरावर मी तक्रार केली. चार फेऱ्या झाल्या, दोन रजा गेल्या, आणि अजून प्रकरण मिटलेलं नाही.

जाहिरातीवरूनच कुणी नंबर उचलला, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण विचार करा. खोटी पाटी लावणाऱ्याला कुठलाही नंबर चालत नाही. आपल्या गाडीसारखंच मॉडेल आणि तोच रंग असलेला नंबर त्याला लागतो. असा नंबर शोधायला विक्रीच्या जाहिरातींइतकी सोयीची जागा कुठली?

म्हणून माझं मत असं की फोटो टाकताना नंबर झाकावा. आपला तर झाकावाच, पण मागे उभ्या असलेल्या परक्या गाड्यांचाही. त्यांच्या मालकांना आपण विचारलेलं नसतं.

सायन_सर्कल

तुमचा मनस्ताप समजतो, पण मताशी असहमत.

नंबर प्लेट ही मुळात दिसण्यासाठीच असते. अक्षरांची उंची, जाडी, मधलं अंतर, सगळं १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहिलेलं आहे, आणि ते लांबून वाचता यावं म्हणूनच. रोज संध्याकाळी पश्चिम द्रुतगती महामार्गावर हजारो लोक तुमचा नंबर वाचतात. तोच फोटोत झाकून काय साधणार?

आणि चोराला फोटो लागतच नाही. जानेवारी २०२५ मध्ये कुलाब्याला ताज हॉटेलपाशी एकाच नंबरच्या दोन गाड्या सापडल्या होत्या, आठवतंय? त्यात कर्जाचे हप्ते थकलेल्या माणसाने वसुलीवाल्यांना चुकवायला आपल्याच पाटीवरचा एक आकडा बदलला होता. बदललेला नंबर दुसऱ्या कुणाचा तरी निघाला आणि त्या बिचाऱ्याला चलनं येत राहिली. कुणाच्या फोटोचा तिथे काय संबंध? दोष सहज बदलता येणाऱ्या पाटीचा आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट येते, जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. एकदाच बसणारं लॉक, लेझरने कोरलेला क्रमांक, होलोग्राम. जोर त्यावर द्यायला हवा. फोटो झाकल्याने माणसाला नुसतं वाटतं की आपण काहीतरी केलं.

पार्लेकरीण

सायन_सर्कल, महामार्गावर नंबर वाचणारा माणूस पुढच्या सिग्नलला तो विसरतो. फोटो विसरत नाही. त्याच्यासोबत तारीख असते, ठिकाण असतं, माझा चेहरा असतो. हे सगळं कुणी शांतपणे घरी बसून जुळवू शकतं.

माझ्याशी हे झालं आहे, म्हणून लिहिते. भटक्या कुत्र्यांना खायला घालण्यावरून एका अनोळखी गृहस्थांशी माझा ऑनलाइन वाद झाला. वाद म्हणजे दोनतीन प्रतिसाद, शिवीगाळसुद्धा नाही. आठवड्याने सकाळी ऑफिसला निघाले तर वायपरखाली चिठ्ठी: ‘इथे राहता होय.’ वर माझं त्या साइटवरचं टोपणनाव. कर्जतच्या सहलीचा माझा एक जुना फोटो होता, त्यात गाडीचा नंबर. मी पार्ले पूर्वेला राहते हे माझ्याच लिहिण्यातून कळत होतं. पार्ल्याच्या गल्ल्या किती? रात्री उभ्या गाड्या बघत एक फेरी मारली की झालं. आरटीओच्या नोंदी उघडायची गरजच पडली नाही.

त्यानंतर तीन महिने मी गाडी भावाकडे ठेवली होती. आजही पार्किंगमध्ये शिरताना आधी वायपर बघते.

सायन_सर्कल

ताई, वाईट वाटलं वाचून. पोलिसांत दिलंत का?

मी नोंदींच्या अंगाने विचार करत होतो, कारण जगात मोठं नुकसान तिथूनच झालं आहे. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात रिबेका शेफर या अभिनेत्रीचा खून झाला. मारेकऱ्याने खासगी गुप्तहेरामार्फत तिचा पत्ता तिथल्या वाहन खात्याच्या नोंदींतून मिळवला होता. त्यानंतर १९९४ मध्ये अमेरिकेने वाहनचालकांच्या नोंदी गुप्त ठेवण्याचा कायदा केला. पाट्या झाकायला सांगितलं नाही, नोंदवही बंद केली. आपल्याकडे सरकारने २०१९ मध्ये वाहनांची माहिती घाऊक विकायचं धोरण आणलं होतं. खासगीपणाच्या मुद्द्यावर २०२० मध्ये ते मागे घ्यावं लागलं. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर मालकाचं नाव आता अर्धं तारांकित दिसतं. खरी लढाई ही आहे, असं मला अजूनही वाटतं. तुमचा अनुभव मात्र माझ्या मांडणीत बसत नाही, हे कबूल.

पार्लेकरीण

दिलं. त्यांनी नोंद घेतली. चिठ्ठीवर धमकी नाही, म्हणून पुढे काही झालं नाही.

गिरगाव_पायी

माझी बाजू वेगळी आहे आणि ती ऐकून घ्यावी.

माझे वडील ऐंशीचे आहेत, वॉकर घेऊन चालतात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुटपाथवर रोज गाडी चढवलेली असते. वडिलांना रस्त्यावर उतरावं लागतं, आणि तिथून बेस्टची बस वळते. मी रोज फोटो काढतो आणि नंबरासकट टाकतो. नंबर झाकलेला फोटो ही तक्रार होत नाही, ते नुसतं रडगाणं होतं. कायदा मोडणाऱ्याच्या खासगीपणाची काळजी मी का करू? सार्वजनिक जागा त्याने अडवली आहे, सार्वजनिक रस्त्यावर, सार्वजनिक पाटी लावून.

दादरकर_७२

तुमच्या वडिलांबद्दल वाचून राग आला. नंबरासकट तक्रार कराच. पण ती वाहतूक पोलिसांकडे. त्यांना नंबर, जागा, वेळ सगळं द्या. त्यांच्या ॲपवर तशी सोय आहे. चारचौघांत टाकताना तेवढी पाटी झाका.

कारण नंबरावरून जे नाव निघतं ते चालवणाऱ्याचंच असतं असं नाही. गाडी विकल्यावर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव चढवून घ्यायचं, असा कायदा आहे. पण वर्षानुवर्षं नावं तशीच पडलेली असतात. शिवाय माझ्यासारखी प्रकरणं. नवी मुंबईत सिग्नल तोडणाऱ्या ‘माझ्या’ गाडीचा फोटो कुणी चिडून टाकला असता, तर लोकांनी मला धुतलं असतं. चलनावर मला दाद मागता येते. शेकडो अनोळखी माणसांच्या शिव्यांवर कुठे मागू?

गिरगाव_पायी

पोलिसांकडे करूनच झालं आहे. चलन फाटतं, दुसऱ्या दिवशी गाडी तिथेच. सोसायट्यांच्या ग्रुपवर नंबर फिरला त्या दिवशी मात्र दोन तासांत हलली, आणि चार दिवस वडील फुटपाथवरून चालले. ते चार दिवस मी विसरू शकत नाही. मी टाकत राहणार.

जुनी_फियाट

जुन्या गाड्यांचे फोटो जमवणाऱ्याची एक विनंती: सरसकट नियम करू नका.

नंबर हा गाडीचा जन्मदाखला असतो. जुन्या मुंबईच्या फोटोत ‘एमआरएक्स’, ‘एमएमसी’ अशी अक्षरं दिसली की काळ कळतो. ‘एमएच ०१’ म्हणजे ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, आणि ४७ दिसलं की बोरिवली. ताडदेवला नोंदलेली शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचा नंबर आवर्जून छापला. तो झाकला असता तर ती कुठलीही एक काळी-पिवळी राहिली असती. सरकारलाही हे पटलेलं दिसतं. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या व्हिंटेज गाड्यांना त्यांचा जुना नंबर राखता येतो.

आता लोक सवयीने रॅलीतल्या १९५० सालच्या गाडीच्या पाटीवरही काळा चौकोन ओढतात. पन्नास वर्षांनी तो फोटो बघणाऱ्याला ती गाडी ओळखताच येणार नाही. चालत्या, राहत्या गाड्या झाका. या नको.

पार्लेकरीण

याला माझी हरकत नाही. रॅलीतल्या गाडीवरून मालकाचं घर सापडत नाही.

नेरळ_लोकल

झाकायचंच असेल तर नीट झाका. हलका धूसरपणा देऊ नका, आकडे अंदाजाने वाचता येतात. मोबाइलमधला हायलायटर तर मुळीच नको. त्याचा रंग अर्धपारदर्शक असतो, फोटो उजळला की खालचं दिसतं. पूर्ण भरीव चौकोन ओढा.

आणि पाटीवरच थांबू नका. अनेक गाड्यांच्या काचांवर नंबर कोरलेला असतो. नव्या प्लेटसोबत पुढच्या काचेला जे स्टिकर येतं, पेट्रोलला फिकट निळं, डिझेलला नारिंगी, त्यावर नोंदणी क्रमांकाबरोबर इंजिन आणि चॅसिस नंबरही छापलेले असतात. ई-चलनाच्या साइटवर गाडीची चलनं बघायला गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. म्हणजे काचेचा जवळून काढलेला एक फोटो दोन्ही किल्ल्या देऊन टाकतो. सोसायटीच्या पार्किंगचं स्टिकर, शाळेचं स्टिकर, हेही बघा. गुगल स्ट्रीट व्ह्यू २०२२ मध्ये मुंबईत आलं तेव्हापासून ते चेहरे आणि पाट्या आपोआप धूसर करतं, पण आपल्या फोटोतली स्टिकरं आपल्यालाच बघावी लागतात.

सायन_सर्कल

चॅसिसचं लक्षात आलं नव्हतं. स्टिकर झाकायला मी तयार आहे.

पण दादरकर, विक्रीच्या जाहिरातीत नंबर नसेल तर घेणाऱ्याने काय करायचं? मी दोन जुन्या गाड्या घेतल्या. दोन्ही वेळा आधी नंबरावरून विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा आहे का ते पाहिलं, मगच बघायला गेलो. नंबर लपवलेली जाहिरात दिसली की मला आधी तीच गाडी संशयास्पद वाटते. तुम्ही प्रामाणिक आहात, पण चोरीची गाडी विकणाराही पाटी झाकूनच फोटो टाकेल.

दादरकर_७२

रास्त आहे. नवी जाहिरात काल टाकली. चारही फोटोंतल्या पाट्या काळ्या, स्टिकर नेरळ_लोकल यांचं वाचून आज सकाळी झाकलं. खाली लिहिलं आहे की फोन करणाऱ्याला नंबर लगेच सांगेन. आतापर्यंत तिघांनी विचारला, तिघांना सांगितला. त्यांचे फोन नंबर माझ्याकडे आहेत, पुन्हा चलन आलं तर निदान विचारायला जागा आहे.