घरच्या फोटोंसाठी दोन डिस्कचा नॅस घ्यावा का?

विश्रामबागवासी
नमस्कार. आम्ही सांगलीत राहतो. वीस वर्षांतले फोटो, कॅसेटवरून उतरवून घेतलेले लग्नाचे व्हिडिओ आणि वडिलांच्या द्राक्षबागेचे हिशेब असे मिळून दीड टीबीच्या आसपास साहित्य तीन पोर्टेबल डिस्कवर विखुरलेले आहे. त्यांतली एक डिस्क लावली की आता टकटक आवाज येतो. सगळे एके ठिकाणी आणून घरातल्या मोबाइलवर आणि लॅपटॉपवर पाहता यावे, म्हणून दोन डिस्कचा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडून ठेवायचा, डिस्क बसवलेला साठवणुकीचा डबा) घेण्याचा विचार आहे. एक डिस्क बिघडली तरी दुसरीत सगळे राहते, तेव्हा जुन्या डिस्क विकून टाका, असे दुकानदाराचे म्हणणे पडले. ते कितपत खरे आहे?

गावभागकर
टकटक करणाऱ्या डिस्कवरचे जे सर्वांत मोलाचे असेल ते आजच दुसरीकडे उतरवून घ्या आणि ती डिस्क उगाच पुन्हा पुन्हा लावून पाहू नका. नॅसचे नंतर पाहता येईल.

दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. रेड 1 मध्ये, म्हणजे दोन डिस्क जोडीने चालवण्याच्या पद्धतीत, दोन्ही डिस्कवर एकाच वेळी एकच गोष्ट लिहिली जाते, त्यामुळे एक डिस्क बिघडली तर दुसरी तारते. पण चुकून फोल्डर पुसले गेले, तर ते त्याच क्षणी दोन्हीकडून पुसले जाते. शिवाय दोन्ही डिस्क एकाच डब्यात असतात. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा आम्ही दागिने, सातबारा, अगदी लोणच्याच्या बरण्यासुद्धा माडीवर नेल्या आणि टीव्हीखालच्या कप्प्यातला नॅस मात्र विसरलो. दोन्ही डिस्क एकाच गाळात गेल्या. मिरजेला बहिणीकडे एक जुनी पोर्टेबल डिस्क पडून होती, तेवढीच उरली. म्हणून जुन्या डिस्कपैकी धडधाकट असलेल्या मुळीच विकू नका.

साताऱ्याचा तंत्रज्ञ
वरच्या मताशी सहमत आहे. खरेदीपुरते सांगायचे तर 4 टीबीच्या दोन डिस्क पुरेत. रेड 1 मध्ये जागा एकाच डिस्कइतकी मिळते आणि संगणक ती 3.63 टीबी दाखवतो, ही फसवणूक नसून मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. डिस्क सीएमआर प्रकारची (माहितीचे पट्टे शेजारी शेजारी असलेली) आहे ना, हे मॉडेल क्रमांकावरून आधी तपासावे, कारण एसएमआर डिस्कवर माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवलेले असतात आणि बिघडलेली डिस्क बदलून नव्या डिस्कवर सगळे पुन्हा उतरवताना ती फार रेंगाळते.

लोक डब्यावर हजारो रुपये घालतात आणि वायरीकडे पाहत नाहीत. राउटरचा पोर्ट गिगाबिट (सेकंदाला 1000 मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) असेल, तर सेकंदाला साधारण 110 एमबी जातात आणि तुमचे दीड टीबी चार तासांत उतरते. तोच 100 एमबीपीएसचा (सेकंदाला 100 मेगाबिटचा) असेल, तर त्याच कामाला दीड दिवसाहून जास्त लागतो. गिगाबिटसाठी केबलमधल्या आठही तारा जोडलेल्या लागतात. प्लग उजेडाकडे धरून रंगीत तारा मोजा. चारच दिसल्या, तर केबल बदला.

वीज गेल्यावर नॅसला स्वतःहून नीट बंद व्हायला सांगेल असा, यूएसबी जोडणी असलेला यूपीएस घ्यावा. नुसत्या इन्व्हर्टरकडून तो निरोप जात नाही.

रात्रपाळी
एक भर घालतो. बाहेरगावाहून फोटो पाहता यावेत म्हणून राउटरमधून पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर ठेवू नका; फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे नेमके असेच डबे शोधत असतात. टेलस्केलसारखे व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कशी जोडणारा खाजगी, सुरक्षित मार्ग) वापरावे. स्नॅपशॉटची (ठरावीक वेळची स्थिती नोंदवून ठेवण्याची) सोय असलेला नॅस घेतलात, तर चुकून पुसलेले फोल्डरही मागच्या तारखेवरून परत आणता येते.

विश्रामबागवासी
सर्वांचे आभार. टकटक करणाऱ्या डिस्कवरून आधी हिशेब आणि मग लग्नाचे व्हिडिओ उतरवले. शेवटचे काही फोल्डर तिने दिले नाहीत. नॅस माडीवरच्या फळीवर ठेवणार असून एक प्रत साताऱ्याला मेहुण्यांकडे राहील. दर दिवाळीला जाताना नवी डिस्क न्यायची आणि तिथली जुनी परत आणायची, असे त्यांच्याशी बोलणे झाले आहे. केबलमधल्या तारा मोजल्या, चारच निघाल्या.