लॉकआउट म्हणजे टाळेबंदीच ना?

कोशवेडी:
अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलच्या कामगार करारांवरचा लेख मराठीत आणतेय. आताचा करार 1 डिसेंबर 2026 ला संपतो, म्हणून लेखात 'लॉकआउट' पावलोपावली येतो. मी 'टाळेबंदी' लिहिलं. संपादकांनी ते खोडलं, म्हणे वाचकाला 2020 सालचा कोरोना आठवेल. त्यांनी 'कामबंदी' सुचवलाय. तुमचं मत? शिवाय 'ड्राफ्ट'ला, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याला, काय म्हणू? आधीच्या अनुवादकाने 'हौशी मसुदा' करून ठेवलंय.

गिरणगाव:
टाळेबंदीच. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हा शब्द लॉकआउटसाठीच होता. 2020 मध्ये लॉकडाउनला तो चिकटवणाऱ्यांनी चूक केली, ती आपण का भोगायची? 'कामबंदी'त काम कोणी बंद केलं तेच कळत नाही. कामगार करतो तो संप, मालक करतो ती टाळेबंदी.

तिसरा_बेस:
गिरणगावशी सहमत, कारण इथे कोणी बंद केलं यावरच सगळं फिरतं. 1994 चा संप खेळाडूंनी 12 ऑगस्टला केला. तोवर त्यांचा बराचसा पगार हातात पडला होता, आणि मालकांची टीव्हीची मोठी कमाई ऑक्टोबरात असते. त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची अंतिम मालिका, झालीच नाही. उलट 2021 मध्ये करार संपताच 2 डिसेंबरला मालकांनी टाळं लावलं. हिवाळ्यात खेळाडूंना पगार नसतोच, त्यामुळे दबाव चढतो तो मार्चात हंगाम जवळ आल्यावर. 99 दिवसांत नवे करार, अदलाबदली बंद. संघाचं मैदान, व्यायामशाळा, डॉक्टर सगळं खेळाडूंना बंद. लीगच्या संकेतस्थळावरून त्यांचे फोटोसुद्धा उतरवले. 10 मार्च 2022 ला तडजोड झाली आणि हंगामाचे 162 सामने पूर्ण बसवले.

सदाशिव:
'मसुदा' वाचून हसावं की रडावं! मसुदा कागदाचा असतो, माणसांचा नव्हे. 'नवोदित निवड' म्हणा. नाहीतर सरळ 'लिलाव', आयपीएलमुळे पोराटोरांना कळतो.

तिसरा_बेस:
लिलाव अजिबात नको. लिलावात जास्त बोली लावेल त्याचा खेळाडू. ड्राफ्टमध्ये बोली नसतेच, पाळी असते. तुमच्या पुण्याचंच उदाहरण घ्या. डिसेंबर 2015 मध्ये पुणे आणि राजकोट या नव्या संघांनी पाळीपाळीने पाच-पाच खेळाडू घेतले. पुण्याने पहिला धोनी उचलला, राजकोटने रैना, आणि पहिल्या पाळीची रक्कम साडेबारा कोटी आधीच ठरलेली. त्याला मराठी पेपरांनी 'ड्राफ्ट' लिहिलं म्हणून आकाश कोसळलं नाही.

कोशवेडी:
पण बेसबॉलमध्ये रक्कम ठरलेली नसते ना? बोनसवर घासाघीस होते.

तिसरा_बेस:
होते, पण कुंपणात. पहिल्या 10 फेऱ्यांत निवडीच्या प्रत्येक क्रमांकाला ठरावीक दर असतो. संघाच्या सगळ्या क्रमांकांच्या दरांची बेरीज म्हणजे त्याची थैली. थैलीच्या वर 5 टक्क्यांपर्यंत गेलात तर जादा रकमेवर 75 टक्के कर. 5 च्या पुढे गेलात तर पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा क्रमांकही गेला. म्हणून संघ कॉलेजच्या शेवटच्या वर्षातला, दुसरीकडे जायला वाव नसलेला खेळाडू दरापेक्षा स्वस्तात घेतात आणि वाचलेले पैसे शाळकरी पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) देतात, कारण तो कॉलेजला जाण्याची धमकी देऊ शकतो. यात गोची अशी की पहिल्या 10 फेऱ्यांतला खेळाडू सही न करता निघून गेला, तर त्याच्या क्रमांकाचा दर थैलीतूनच वजा होतो.

सदाशिव:
आणि असा लाखो डॉलर घेणारा 'हौशी'? 2023 मध्ये पायरेट्स संघाने पॉल स्कीन्सला पहिल्या क्रमांकावर घेऊन 92 लाख डॉलर दिले. आमच्याकडे हौशी नाटकवाले पदरचे घालतात हो.

गिरणगाव:
त्यापेक्षा पगाराच्या वादातल्या 'आर्बिट्रेशन'चं बघा, तो शब्द खरा फसवा. 'लवाद' लिहिलंत की वाचक समजणार मधला आकडा निघेल. इथे तो निघू शकत नाही. खेळाडू एक आकडा देतो, संघ एक, आणि तिघांचं मंडळ दोहोंतला एकच उचलतं. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की खेळाडूची किंमत दोन आकड्यांच्या मध्यबिंदूच्या वर की खाली. आकडा अवाजवी फुगवला की समोरचा जिंकतो. संघाची ऐपत मांडायला बंदी आहे. कोशवेडीबाईंनी नुसतं 'लवाद' न लिहिता 'दोनपैकी एक लवाद' असं काहीतरी करावं.

सदाशिव:
'दोनपैकी एक लवाद' हे मराठी आहे? 'पर्यायबद्ध लवाद' म्हणा.

गिरणगाव:
तो कोणालाच कळणार नाही.

तिसरा_बेस:
लवादाचा हक्क साधारण तीन वर्षांच्या सेवेनंतर, मोकळं होण्याचा, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करण्याचा, सहा वर्षांनंतर. सेवेचं एक वर्ष म्हणजे मुख्य संघाच्या यादीत 172 दिवस. 2015 मध्ये कब्ज संघाने नवोदित क्रिस ब्रायंटला हंगाम सुरू झाल्यावर, 17 एप्रिलला मुख्य संघात घेतलं. त्याचे भरले 171. एका दिवसाने मोकळं होणं वर्षभर लांबलं. त्याने तक्रार केली, 2020 मध्ये हरला. 2022 च्या करारात यावर एक उतारा आला: त्या वर्षीच्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. याला मराठीत काय? 'सेवाकाळ हेराफेरी'?

गिरणगाव:
शब्द तयार आहे: 'ब्रेक देणे'. 240 दिवस भरले की कायद्याने सलग सेवेचे हक्क लागू होतात, म्हणून त्याआधीच कंत्राटी कामगाराला काही दिवस कामावरून दूर ठेवतात, तो ब्रेक. कारखान्याच्या दारात कोणालाही विचारा.

सदाशिव:
तो इंग्रजी शब्द आहे. 'सेवाखंड' का नको?

गिरणगाव:
'सेवाखंड' फाइलमध्ये असतो. ज्याला मिळतो तो 'ब्रेक' म्हणतो. आणि इंग्रजी नको म्हणता, तर 'लिलाव' कसा चालला? तो पोर्तुगीज आहे.

सदाशिव:
तो रुळला. 'कंत्राट'ही पोर्तुगीजच, 'कोंत्रातो'वरून.

कोशवेडी:
कंत्राट इंग्रजी 'काँट्रॅक्ट'चं मराठी रूप नाही का? शिवाय खेळाडूचा 'करार' म्हणायचा की 'कंत्राट'? करार बरोबरीच्या माणसाशी होतो, कंत्राट मजुराशी.

तिसरा_बेस:
मग 1975 पर्यंतचं 'कंत्राट', त्यानंतरचा 'करार'. खेळाडूंच्या जुन्या करारपत्रातलं 10-अ कलम सांगायचं की संघ एक वर्षासाठी करार पुढे चालवू शकतो. मालक म्हणत ते एक वर्ष दरवर्षी नव्याने. मेसरस्मिथ नावाचा पिचर 1975 चा सगळा हंगाम सही न करता खेळला. 23 डिसेंबरला लवाद पीटर साइट्झने निकाल दिला की एक म्हणजे एकच, नंतर खेळाडू मोकळा. मालकांनी लगेच साइट्झलाच काढून टाकलं.

सदाशिव:
इंग्रजी 'काँट्रॅक्ट'वरून आलं असतं तर शेवटचा 'क्ट' असा गायब झाला नसता. पोर्तुगीजच.

गिरणगाव:
'ऑगस्ट'चा 'आगष्ट' आणि 'हॉस्पिटल'चं 'इस्पितळ' करणाऱ्या भाषेला एक 'क' गिळायला कितीसा वेळ?

सदाशिव:
इस्पितळसुद्धा पोर्तुगीज!