ऑक्टाव्हिया आरएस कार विकून बाइककडे वळायचा विचार आहे, चाळिशीत पहिली मोठी बाइक कोणती?

घाटवेडा_पुणे
नमस्कार मंडळी. वय ४१, राहणार कोथरूड. माझ्याकडे स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २३० ही वेगवान सेडान आहे, जिवापाड जपलेली. रविवारी पहाटे ताम्हिणी नाहीतर वरंध, जमेल तेव्हा ट्रॅक डे (रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचा दिवस), असा छंद आहे. गाडीबद्दल काही तक्रार नाही पण तिची मजा यायला जो वेग लागतो तो आपल्याकडे काढायचा कुठे? एक्सप्रेसवेला १०० ची लिमिट अन वर कॅमेरे, घाटात एका वळणातून बाहेर पडून जरा पाय दाबला की पुढचं वळण आलेलंच असतं, आणि जिथे सरळ रस्ता मिळतो तिथे कुठल्या शेतातून ट्रॅक्टर बाहेर येईल सांगता येत नाही. मागच्या महिन्यात मित्राच्या रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर बाइकवर मागे बसून मुळशीपर्यंत गेलो. स्पीड ५०-६०, पण भाताच्या खाचरांचा वास, धरणाजवळचा एकदम लागणारा गारवा, सगळं अंगावर येत होतं. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.
आता प्रश्न. इंटरसेप्टर ६५०, ट्रायम्फची स्पीड ४०० की केटीएमची ३९० ड्यूक? आरएस विकावी की ठेवावी? कार चालवण्यातलं कौशल्य बाइकवर कितपत कामाला येतं? आजवर फक्त अॅक्टिव्हा चालवलीय. बायकोला काळजी वाटते आणि तिचं म्हणणं मला पटतं, त्यामुळे घाई करायची नाहीये.

टॉर्कराव
दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तोच महत्त्वाचा आहे. डोळे कामाला येतात, हातपाय नाही. रस्ता वाचणं, वळण जिथे दिसेनासं होतं तिथे नजर ठेवणं, ब्रेकिंग वळणाच्या आधी उरकणं, हे ज्याने घाटात मन लावून गाडी चालवलीय त्याच्या अंगात असतं आणि ते फार मोठं भांडवल आहे. पण तुमची आरएस डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरची, अॅक्टिव्हालाही क्लच नाही, म्हणजे डाव्या हाताला क्लच आणि डाव्या पायाला गिअर हे पहिल्यापासून शिकायचं. सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे वळणात घाबरून ब्रेक मारणं. गाडीत तुम्ही निभावून नेता, ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) सांभाळून घेतं. बाइक झुकलेली असताना पुढचा ब्रेक करकचून दाबला की एकतर पुढचं चाक सुटतं नाहीतर बाइक उभी राहून सरळ पलीकडच्या लेनमध्ये जाते. म्हणून आधी मोकळ्या मैदानात सरळ रेषेत इमर्जन्सी ब्रेकिंग करा, रोज थोडं, पुढचा ब्रेक झटका न देता पिळत न्यायचा, तो बोटांना कळेपर्यंत घाट नको.
बाइक म्हणाल तर स्पीड ४००. साधारण १७५ किलो, ताकद ४० पीएस, सीटची उंची ७९० मिमी. इंटरसेप्टर २१८ किलोची आहे, पळायला लागल्यावर वजन कळत नाही पण चढावर यू-टर्न घेताना किंवा पार्किंगमधून मागे ढकलताना नवख्याची परीक्षा बघते. ड्यूक ३९० ला कॉर्नरिंग एबीएस (झुकलेल्या बाइकवरही ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे हे तिच्या बाजूने, पण ती शांतपणे चालवूच देत नाही, सारखी उचकवते. आणि आकडे छोटे वाटतात म्हणून फसू नका, ४७ पीएसची इंटरसेप्टर ० ते १०० साधारण ७ सेकंदात जाते, तुमची आरएस ६.८ मध्ये.

रानवाटा
वरच्या दादांशी सहमत. मी बाई आहे, आधी हॅचबॅक पळवायचे, आता रॉयल एनफिल्डची हिमालयन बाइक चालवते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते जी कारवाल्यांना कोणी सांगत नाही. उजवं वळण. कारमध्ये आपण अॅपेक्ससाठी (वळणाचा सगळ्यात आतला बिंदू) मधल्या रेषेला चिकटतो, चाक रेषेच्या आत असलं की झालं. बाइकवर टायर रेषेच्या आत असला तरी झुकल्यामुळे डोकं आणि खांदा रेषेपलीकडे गेलेला असतो, आणि समोरून खाली उतरणारी एसटी वळणाला जागा घेतच येते. त्यामुळे उजव्या वळणात टायर लेनच्या डाव्या भागातच ठेवायचे, पलीकडचं सगळं दिसेपर्यंत आत यायचंच नाही. डाव्या वळणात उलटं, आतल्या कडेला डोंगरावरून आलेली खडी असते, ती गाडीला जाणवतही नाही पण आपल्याला पाडते. आणि जूनचे पहिले दोन-तीन पाऊस बाइक बाहेर काढू नका प्लीज, रस्त्यावरचं ऑइल वर येतं, पांढरे पट्टे तर साबणासारखे होतात.
वहिनींचं म्हणणं पटतं लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. त्यांना हेल्मेट-जॅकेट घ्यायला सोबत न्या, खर्च डोळ्यासमोर होऊ दे. बाइक नंतर बुक करा.

नटबोल्ट_नाशिक
कागदपत्रांचं कोणी बोललं नाही म्हणून. लायसन्सवर विदाउट गिअर असेल तर ते चालणार नाही, मोटरसायकल विथ गिअर अॅड करावं लागेल, म्हणजे परत लर्निंग आणि ३० दिवसांनी टेस्ट. तो महिना सरावाला वापरा. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वर जीएसटी ४० टक्के आहे, तुमच्या तिन्ही पर्यायांना तोच स्लॅब, त्यामुळे ऑन-रोड कोटेशन लेखी घ्या. नवीन बाइकला थर्ड पार्टी इन्शुरन्स एकदम ५ वर्षांचा भरावा लागतो, कारसारखा ३ चा नाही. आणि एक्सप्रेसवे, अटल सेतू दोन्हीकडे दुचाकीला बंदी, मुंबईला जाणं असेल तर जुन्या हायवेचा वेळ धरा.
आरएस मात्र विकू नका भाऊ. एक पावसाळा जाऊ दे, मग ठरवा. एकदा गेली की तशी जपलेली परत मिळणार नाही.

घाटवेडा_पुणे
सगळ्यांचे मनापासून आभार. रानवाटा ताई, उजव्या वळणाचं वाचून अंगावर काटा आला, कारण माझी लाइन कायम मधल्या रेषेची आहे. आरएस ठेवतोय. लर्निंगचा अर्ज भरला, स्पीड ४०० टेस्ट राइड लायसन्स आल्यावरच. हेल्मेटचं आयएसआय पुरेसं का ईसीई (युरोपचं सुरक्षा मानक) बघू? आणि पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये जॅकेट घालवतं का हो?

रानवाटा
आयएसआय कायद्याने हवंच, त्यावर ईसीई २२.०६ असेल तर उत्तम, पण मापाचं आधी बघा, दुकानात दहा मिनिटं घालून बसा, कपाळावर दुखलं तर ते आपलं नाही. जॅकेट मेश म्हणजे जाळीदार घ्या, लेव्हल २ आर्मर (खांदा-कोपराला मार लागू नये म्हणून आतले पॅड), पाठीचं पॅड वेगळं घ्यावं लागतं बऱ्याचदा ते विचारून घ्या. चालत्या बाइकवर मेशमध्ये वारा लागतो, त्रास फक्त सिग्नलला होतो. उन्हाळ्यात सातच्या आत निघा आणि दहापर्यंत घरी.