"हे बरोबर नाही" हे लहान मुलांना कोण शिकवतं?

शंकेखोर:
माझा भाचा साडेतीन वर्षांचा आहे. मुलांमध्ये काही वाटून दिलं आणि त्याला कमी आलं की लगेच "हे बरोबर नाही" म्हणून भोकाड पसरतो, पण त्यालाच जास्त मिळालं तर गुपचूप घेऊन पसार होतो. हे त्याला कोणी मुद्दाम शिकवलेलं नाही. मग न्याय-अन्यायाची जाण आपण जन्मतःच घेऊन येतो की घर, शाळा, धर्म यातून येते? आणि सगळं जीन्समध्येच असेल तर मुलांवर संस्कार करायची धडपड कशासाठी? जाणकारांनी सविस्तर सांगा प्लीज.

मुक्तछंद:
भाचा अगदी वयाप्रमाणे वागतोय, काळजी नको. २०१५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात सात देशांतल्या मुलांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात भारतही होता. वय ४ ते १५, दोघांना समोरासमोर बसवायचं, वाटणी एकाने मान्य करायची किंवा नाकारायची, आणि नाकारली तर दोघांनाही काहीच नाही. आपल्याला कमी मिळतंय म्हणून नाकारणं सातही देशांत दिसलं, फक्त कुठे लवकर कुठे उशिरा. पण आपल्याला जास्त मिळतंय म्हणून नाकारणारी मुलं फक्त अमेरिका, कॅनडा आणि युगांडात सापडली, तीही वयाने मोठी.
माझ्या मते तुमचं उत्तर इथेच आहे. स्वतःवरच्या अन्यायाची चीड बहुतेक उपजत असावी, दुसऱ्यावरचा अन्याय आपल्या फायद्याचा असताना खुपणं मात्र कुठे वाढलात त्यावर बरंच अवलंबून असतं. आपण नैतिकता म्हणतो ती खरं तर ही दुसरी गोष्ट.

न्यूरॉन:
मेंदूबद्दल थोडं. कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, यात फार महत्त्वाचा. मोठेपणी तिथे इजा झालेले लोक विचारलं तर बरोबर काय चूक काय ते नीट सांगतात, पण वागताना ते उतरत नाही. १९९९ मध्ये दोन तरुण पेशंट्सबद्दल पेपर आला, त्यांना ही इजा वयाच्या १६ महिन्यांच्या आत झाली होती. घरं चांगली, आईवडील शिकलेले, तरी दोघंही खोटं बोलायचे, चोऱ्या करायचे, पश्चात्ताप नाही, आणि मुख्य म्हणजे नैतिक प्रश्नांवर विचारही अगदी लहान मुलासारखा, म्हणजे शिक्षा टळली की झालं. पेशंट दोनच आहेत त्यामुळे फार ताणू नये, पण मला यातून असं दिसतं की मेंदूत नियम तयार लिहिलेले नसतात, ते शिकायची सोय असते. ती सोयच गेली तर चांगलं घरही पुरत नाही.

सावधान:
वरच्या दोघांशी सहमत, फक्त 'उपजत' शब्द जपून वापरू या. २००७ मध्ये सहा आणि दहा महिन्यांची बाळं दुसऱ्याला मदत करणाऱ्या, डोळे लावलेल्या लाकडी आकाराला पसंत करतात असा प्रयोग गाजला होता, कित्येक लेखांत तो पुरावा म्हणून येतो. नंतर अनेक लॅब्सनी मिळून तो मोठ्या प्रमाणावर परत केला तेव्हा तशी पसंती दिसलीच नाही. त्यामानाने दीड वर्षाची मुलं अनोळखी माणसाची पडलेली वस्तू आपणहून उचलून देतात हे २००६ पासून चांगलं माहीत आहे. पण दीड वर्षात मूल माणसांमध्ये किती काय बघतं हो! तेही सगळं जीन्सच्या खात्यात कसं टाकणार?

शंकेखोर:
सगळ्यांचे आभार, विशेषतः कमी मिळणं आणि जास्त मिळणं हा फरक माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मग ताईने नेमकं काय करावं? समजावलं की तो "हो, सारखं वाटायचं" म्हणतो आणि पुन्हा तेच करतो.

मुक्तछंद:
ते ढोंग नाही बरं का. २०१३ चा एक अभ्यास आहे, ३ ते ८ वर्षांची मुलं, सगळ्यांनी सांगितलं की सारखं वाटायला हवं, पण लहानांनी प्रत्यक्षात स्वतःला जास्त ठेवलं आणि सात-आठ वर्षांच्या आसपास बोलणं नि वागणं जुळलं. तेव्हा आत्ताच 'स्वार्थी' असा शिक्का नको. नुसतं रागावण्यापेक्षा दुसऱ्याला काय वाटलं ते दाखवून देणं जास्त उपयोगी पडतं, म्हणजे "बघ, तिच्याकडे काहीच उरलं नाही, ती रडतेय". आणि मोठी माणसं स्वतःचा जास्तीचा वाटा परत करताना त्याला दिसली पाहिजेत, कारण हा भाग तो आजूबाजूलाच बघून घेणार आहे.