‘मॉन्स्टर’ला राक्षस म्हणायचं का गुम्मा?

(कर्नाटकातल्या बेळगाव भागातल्या मराठी मंडळींच्या गप्पा. बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचं ठिकाण दिलंय.)

टिळकवाडी : खानापूरकडच्या एका वाचनालयात पोरांना स्कूबी-डूचा सिनेमा दाखवतोय. पडद्यावर खाली येणाऱ्या मराठी ओळी लिहायचं काम माझ्याकडं. चार तरुण आणि एक ग्रेट डेन कुत्रा, हौसेनं रहस्यं शोधतात. अडलंय ‘मॉन्स्टर’पाशी. शेवटी मुखवटा ओढला की माणूस निघतो, तिथं ‘राक्षस’ फसतो. ‘बागुलबुवा’ लिहिलं तर सहा वर्षांची पुतणी विचारते, "बुवा म्हंजे कीर्तनवाले?" तिच्या लेखी तो गुम्मा.

निपाणी : गुम्मा कानडी. पाटीवरच्या मराठीसाठी आपण इथं इतकी वर्षं भांडतोय, आणि पोरांच्या ओळीत आपणच कानडी घालायचं? ‘खवीस’ लिहा. अस्सल आहे.

शहापूर : काका, खवीस अरबीतला. मूळ ‘खबीस’, म्हणजे दुष्ट. आणि तूप, अडकित्ता, अक्का हेपण कानडीकडनंच आलेले मानतात की. गुम्मा तर केवढा जुना! सोळाव्या शतकातल्या पुरंदरदासांच्या पदात बाळकृष्ण आईला विनवतो, गुम्माला बोलावू नको. माझी आज्जी हातमागावर बसायची. पाळण्यात रडं सुरू झालं की धोटा न थांबवता म्हणायची, "गप पड, गुम्मा आला." कानडीतलं एक वाक्य यायचं नाही तिला. मग हा शब्द कुणाचा?

निपाणी : घरात बोला की. छापताना प्रमाण पाहिजे.

येळ्ळूर : ‘सोंग’ का नको? आत माणूस आहे हे त्या शब्दातच आलं.

टिळकवाडी : खरं मग पहिल्याच मिनिटाला रहस्य फुटलं की! शिवाय दरवेळी माणूस निघत नाही. १९९८च्या ‘झॉम्बी आयलंड’मध्ये भुतं खरीच आहेत.

खानापूर : तुमचं हे ‘खरं’ बघा. पुण्यात शिकताना मी म्हटलं, "येणार होतो खरं पाऊस आला." सर म्हणाले, "खरंच येणार होतास ना?" ‘पण’ म्हणायला शिकायला मला वर्ष लागलं.

निपाणी : ‘खरं’ कोल्हापुरातपण म्हणतात. त्याला हात लावू नका, आईच्या तोंडचा शब्द आहे तो.

शहापूर : गुम्मा आज्जीच्या तोंडचा, काका.

टिळकवाडी : रविवारी खेळ आहे. ‘हौशी गुप्तहेर’ तरी चालेल का? हेर शत्रूच्या गोटात शिरतो, ही पोरं नुसती माग काढतात.

येळ्ळूर : आमच्यात म्हैस हरवली की शोधायला गेलेल्यांना ‘मागावर गेलेत’ म्हणतात. त्या माणसांना वेगळं नाव मात्र ऐकलं नाही.